घटक ४ : नाव, नोंद आणि क्रमांक
(डिजिटल श्रमसेवांमधील ओळखक्रमांक : एक भाषिक विवेचन)

४.० उद्दिष्टे

या घटकाचे अध्ययन केल्यानंतर आपल्याला
• श्रमसेवांमध्ये वापरल्या जाणाऱ्या प्रमुख शासकीय ओळखक्रमांकांचे स्वरूप सांगता येईल.
• ओळख, पडताळणी आणि पात्रता या तीन संकल्पनांमधील फरक स्पष्ट करता येईल.
• मराठी नावांच्या लेखनातील विविधतेचा संगणकीय नोंदींवर होणारा परिणाम उदाहरणांसह मांडता येईल.
• शासकीय संदेशातील भाषा सुबोध करण्याच्या दृष्टीने तिचे परीक्षण करता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण कार्यालयीन मराठीचे स्वरूप पाहिले. अर्ज, टिपणी, परिपत्रक हे कागदावरचे लेखनप्रकार होते. गेल्या दहा-पंधरा वर्षांत या कागदांची जागा मोठ्या प्रमाणावर संगणकीय नोंदींनी घेतली आहे. भविष्य निर्वाह निधी, कामगार विमा, बांधकाम कामगारांच्या कल्याणयोजना, रोजगार हमीची मजुरी या सर्व सेवा आज एखाद्या क्रमांकाच्या आधारे मिळतात. कामगाराने आपली ओळख सांगायची, ती नावाने कमी आणि क्रमांकाने अधिक, अशी ही व्यवस्था आहे.

भाषेच्या अभ्यासक्रमात क्रमांकांचा विचार कशासाठी, असा प्रश्न आपल्यापैकी काहींना पडेल. त्याचे उत्तर असे, की क्रमांक हेही एक चिन्ह आहे आणि चिन्ह हा भाषाविज्ञानाचा विषय आहे. शिवाय क्रमांक एकटा कधीच काम करीत नाही. त्याच्या शेजारी नाव असते, वडिलांचे किंवा पतीचे नाव असते, जन्मतारीख असते. क्रमांक बरोबर असूनही शेजारच्या नावातील एका अक्षराच्या फरकाने कामगाराचे स्वतःचे पैसे अडकून पडू शकतात. हा फरक बहुधा कामगाराच्या चुकीमुळे झालेला नसतो. तो दोन लिप्यांच्या, दोन लेखनपद्धतींच्या सांध्यात तयार होतो. म्हणून या प्रश्नाचा विचार भाषेच्या अभ्यासकाने करणे अगत्याचे आहे.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ बिल्ल्यापासून क्रमांकापर्यंत

कामगाराला क्रमांक देण्याची पद्धत नवी नाही. हमालाच्या दंडावरचा बिल्ला, गिरणीतील तिकीट, हजेरीपटावरील अनुक्रमांक ही तिचीच जुनी रूपे होत. महाराष्ट्रात १९६९ च्या माथाडी कायद्याने हमाल व तत्सम कष्टकऱ्यांची मंडळाकडे नोंदणी करण्याची व्यवस्था घालून दिली. नोंदीत नाव आले, की मजुरी, रजा, भविष्य निर्वाह निधी यांवर हक्क सांगता येऊ लागला. नोंद म्हणजे हक्काचा आरंभ, हे तत्त्व महाराष्ट्रातील कष्टकऱ्यांना तेव्हापासून परिचित आहे.

मात्र या जुन्या क्रमांकांना एक मर्यादा होती. बिल्ला त्या बाजारापुरता आणि तिकीट त्या गिरणीपुरते होते. कामगाराने कामाची जागा बदलली, की जुना क्रमांक निरुपयोगी होत असे. भविष्य निर्वाह निधीच्या बाबतीतही हेच घडे. १९५२ च्या कायद्यानुसार सुरू झालेल्या या योजनेत प्रत्येक आस्थापनेत कामगाराला वेगळा सदस्य क्रमांक मिळतो. तीन ठिकाणी नोकरी केलेल्या कामगाराची तीन खाती तयार होत आणि जुन्या खात्यातील रक्कम नव्या खात्यात आणण्यासाठी त्याला मालकाच्या सहीशिक्क्यासाठी हेलपाटे घालावे लागत. अनेकांनी तो नाद सोडून दिला आणि त्यांची खाती तशीच पडून राहिली.

या अडचणीवर उपाय म्हणून २०१४ मध्ये सार्वत्रिक खाते क्रमांक सुरू झाला. हा बारा अंकी क्रमांक कामगाराला एकदाच मिळतो. नोकरी बदलली तरी तो बदलत नाही. नवा सदस्य क्रमांक त्याच्याशी जोडला जातो. जुन्या पद्धतीत क्रमांक आस्थापनेचा होता आणि कामगार त्या क्रमांकाखाली येत असे. नव्या पद्धतीत क्रमांक कामगाराचा आहे आणि आस्थापना त्याखाली येतात. डिजिटल श्रमसेवांच्या आधुनिकीकरणाचे मर्म या उलटापालटीत आहे.

४.२.२ असंघटित कामगार आणि मोजणीचे एकक

भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक मुख्यतः संघटित क्षेत्रातील कामगारांपुरता होता. शेतमजूर, घरकामगार, फेरीवाले, ऊसतोड कामगार यांची एकत्रित राष्ट्रीय नोंद नव्हती. २०२० च्या टाळेबंदीत हजारो स्थलांतरित मजूर पायी गावाकडे निघाले, तेव्हा या अभावाचे गांभीर्य साऱ्या देशाला दिसले. त्या काळात किती स्थलांतरित मजुरांचा मृत्यू झाला याची माहिती उपलब्ध नसल्याचे सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र शासनाने संसदेत सांगितले. ज्यांची नोंदच नव्हती, त्यांची मोजदाद होणे शक्य नव्हते. २९ जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्थलांतरित मजुरांसंबंधीच्या प्रकरणात निकाल देताना असंघटित कामगारांच्या नोंदणीसाठी राष्ट्रीय संकेतस्थळ सुरू करण्यास मुदत घालून दिली. २६ ऑगस्ट २०२१ रोजी ई-श्रम संकेतस्थळ सुरू झाले. सोळा ते एकोणसाठ वयाच्या असंघटित कामगाराला येथे आधारच्या साहाय्याने नोंदणी करून बारा अंकी क्रमांक मिळतो. आजवर तीस कोटींहून अधिक कामगारांची नोंदणी झाली असून त्यांत निम्म्याहून अधिक स्त्रिया आहेत.

स्त्रियांचे हे प्रमाण समजून घेण्यासाठी मराठीतील एका शब्दाकडे पाहू. मराठवाड्यातील ऊसतोडीच्या व्यवहारात ‘कोयता’ या शब्दाचा अर्थ केवळ ऊस तोडण्याचे हत्यार असा नाही. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकट्या माणसाला ‘अर्धा कोयता’ म्हणतात. मुकादम उचल देतो ती कोयत्यामागे आणि ती बहुधा पुरुषाच्या हाती पडते. भाषाविज्ञानाच्या परिभाषेत हे लक्षणेचे उदाहरण आहे : साधनावरून ते वापरणाऱ्याचा बोध होतो. व्यवहाराच्या दृष्टीने मात्र तो हिशेबाचा प्रश्न आहे. पहाटेपासून मोळ्या बांधणाऱ्या आणि वाहणाऱ्या स्त्रीचे श्रम या एककात मिसळून जातात. तिच्या नावाची वेगळी ओळ मुकादमाच्या वहीत नसते. व्यक्तीगणिक क्रमांक देणाऱ्या नोंदणीत तिला प्रथमच स्वतंत्र ओळ मिळते. तेवढ्याने तिची मजुरी वाढत नाही, हे खरे. परंतु मजुरी, अपघात-साहाय्य किंवा आरोग्यसेवा यांची मागणी करण्यासाठी आधी कामगार म्हणून तिचे अस्तित्व नोंदले जावे लागते.

४.२.३ सार्थ क्रमांक आणि निरर्थ क्रमांक

ओळखक्रमांकांचे रचनेच्या दृष्टीने दोन प्रकार करता येतात. काही क्रमांकांच्या घटकांना अर्थ असतो. त्यांना आपण ‘सार्थ क्रमांक’ म्हणू. भविष्य निर्वाह निधीच्या सदस्य क्रमांकाच्या आरंभी विभागाची व कार्यालयाची अक्षरे असतात. जाणकार माणूस ती पाहून खाते पुण्याचे की मुंबईतील वांद्र्याचे, हे सांगू शकतो. प्राप्तिकर विभागाच्या पॅन क्रमांकातील चौथे अक्षर धारकाचा प्रकार दाखवते आणि व्यक्तीच्या बाबतीत पाचवे अक्षर आडनावाचे आद्याक्षर असते.

आधार क्रमांक याच्या उलट आहे. विशिष्ट ओळख प्राधिकरणाची स्थापना २००९ मध्ये झाली आणि २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी देशातील पहिल्या आधार क्रमांकांचे वाटप झाले. या बारा अंकांत जात, धर्म, जिल्हा, वय किंवा लिंग यांपैकी कशाचीही खूण नाही. तो यदृच्छेने दिलेला, म्हणजेच ‘निरर्थ’ क्रमांक आहे. शब्द आणि अर्थ यांचा संबंध यादृच्छिक असतो, हे आपण फेर्दिनां द सोस्यूर यांच्या संदर्भात अभ्यासले आहे. येथे ती यादृच्छिकता जाणीवपूर्वक योजलेली आहे. आपल्या समाजात आडनावावरून जात आणि गाव ओळखण्याची सवय खोलवर रुजलेली आहे. अशा समाजात काहीही न सांगणारा क्रमांक हे एक प्रकारचे संरक्षण ठरते.

आधार क्रमांकातील शेवटचा अंक मात्र गणिताने ठरतो. आधीच्या अकरा अंकांवरून विशिष्ट रीतीने तो काढलेला असतो. एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, तर हिशेब जुळत नाही आणि संगणकाला चूक तत्काळ कळते. ही सोय मराठी भाषकाला विशेष उपयोगी आहे. मराठीत संख्यावाचनात एकक आधी व दशक नंतर येतो. ‘त्रेपन्न’ म्हणताना आपण तीन आधी उच्चारतो, लिहिताना पाच आधी लिहितो. त्यामुळे ऐकून लिहिणाऱ्याकडून ५३ चे ३५ होण्याचा संभव असतो. ‘एकोणपन्नास’ आणि ‘एकोणसाठ’ यांमध्ये तर पुढच्या दशकाचे नाव उच्चारले जाते. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकातील संख्यावाचनावरून महाराष्ट्रात जो वाद झाला, त्याच्या मुळाशी हीच रचना होती. संख्यावाचनाची कोणती पद्धत योग्य, या वादात न शिरता एक व्यावहारिक नियम सांगता येतो : ओळखक्रमांक सांगताना जोडसंख्या वापरू नयेत, एकेक अंक सुटा उच्चारावा आणि चार-चार अंकांनंतर थांबावे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न : १
रिकाम्या जागी योग्य शब्द लिहा.
१. भविष्य निर्वाह निधीचा सार्वत्रिक खाते क्रमांक ........ अंकी असतो.
२. ऊसतोडीच्या व्यवहारात नवरा-बायकोच्या जोडीला एक ........ म्हणतात.
३. ज्याच्या अंकांतून व्यक्तीविषयी काहीही कळत नाही, त्या क्रमांकाला आपण ........ क्रमांक म्हटले आहे.

४.२.४ एक संज्ञा, दोन क्रमांक

परिभाषेचा पहिला गुण म्हणजे एकार्थकता. एका संज्ञेने एकाच संकल्पनेचा बोध व्हावा. श्रमसेवांच्या क्षेत्रात हा गुण नेहमी पाळलेला दिसत नाही. भविष्य निर्वाह निधीच्या क्रमांकाचे नाव सार्वत्रिक खाते क्रमांक, आणि ई-श्रम कार्डावरील क्रमांकाचे नावही तेच. दोन्ही बारा अंकी. आधार क्रमांकही बारा अंकी. ‘तुमचा बारा अंकी नंबर सांगा’ असे सेवाकेंद्रातील माणूस म्हणतो, तेव्हा यांपैकी नेमका कोणता, हे कामगाराला कसे कळावे?

‘खाते’ हा शब्दही विचारात घ्यावा लागेल. मराठीत खाते म्हटले, की जमा आणि नावे हे शब्द त्यापाठोपाठ येतात. भविष्य निर्वाह निधीच्या बाबतीत ते यथार्थ आहे. तेथे दरमहा वर्गणी जमा होते. ई-श्रमचा क्रमांक हा केवळ नोंदणीचा क्रमांक आहे. त्यात कोणी रक्कम भरीत नाही. ‘खाते क्रमांक’ असे नाव असलेल्या कार्डावर पैसे जमा होतील, अशी अपेक्षा कामगाराने ठेवली तर तो त्याच्या अडाणीपणाचा पुरावा नाही. त्याने शब्दाचा रूढ अर्थ घेतला, इतकेच. दोष असलाच तर तो संज्ञा घडवणाऱ्याकडे जातो. ‘श्रमिक नोंदणी क्रमांक’ असे साधे नाव दिले असते, तर हा गैरसमज टळला असता.

४.२.५ ओळख, पडताळणी आणि पात्रता

डिजिटल सेवांची चर्चा करताना तीन संकल्पना एकमेकींत मिसळल्या जातात. त्या वेगळ्या करणे आवश्यक आहे.

(अ) ओळख : ‘ही व्यक्ती कोण?’ या प्रश्नाचे उत्तर. क्रमांक हे काम करतो. तो एका व्यक्तीला दुसरीपासून वेगळे करतो.

(आ) पडताळणी : ‘समोरची व्यक्ती तीच आहे का?’ या प्रश्नाचे उत्तर. भ्रमणध्वनीवर येणारा संकेतांक, बोटांचे ठसे, डोळ्यांची बुबुळे किंवा चेहरा यांच्या आधारे ते मिळते. येथे श्रमिकांची एक विशेष अडचण आहे. विटा, सिमेंट, ऊस, चुना यांच्याशी वर्षानुवर्षे काम करणाऱ्या हातांवरील रेषा झिजतात आणि यंत्राला ठसा वाचता येत नाही. ज्या श्रमामुळे माणूस लाभाला पात्र झाला, त्या श्रमामुळेच त्याची पडताळणी अयशस्वी होते. म्हणून पडताळणीचे पर्याय उपलब्ध असणे आवश्यक ठरते.

(इ) पात्रता : ‘या व्यक्तीला हा लाभ देय आहे का?’ या प्रश्नाचे उत्तर. ते क्रमांकात नसते, कायद्यात असते. उदाहरणार्थ, बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करण्यासाठी वय अठरा ते साठ असावे लागते आणि मागील बारा महिन्यांत किमान नव्वद दिवस बांधकामावर काम केलेले असावे लागते. आधार असला किंवा ई-श्रम कार्ड असले, तरी नव्वद दिवसांचे प्रमाणपत्र नसल्यास ही नोंदणी होत नाही.

या तिहींची गल्लत झाली, की दोन्ही बाजूंनी नुकसान होते. कार्ड मिळाले म्हणजे योजना मिळाली, असे कामगाराला वाटते. दुसरीकडे, पडताळणी झाली नाही म्हणजे पात्रताच नाही, असे कार्यालय गृहीत धरते. १ जानेवारी २०२४ पासून मनरेगाची मजुरी आधाराधारित पद्धतीनेच देण्याचे बंधन आले, तेव्हा झालेल्या चर्चेचा गाभा हाच होता. मजुराने काम केले आहे, हजेरीपट भरला आहे, म्हणजे पात्रता सिद्ध आहे. केवळ बँकखाते आणि आधार यांची जोडणी अपुरी आहे. अशा वेळी मजुरी देण्याचे दायित्व संपते का? २०१६ च्या आधार कायद्यातील सातव्या कलमानेही आधार क्रमांक न मिळालेल्या व्यक्तीला लाभासाठी ओळखीचे पर्यायी साधन देण्याची तरतूद केलेली आहे.

४.२.६ मराठी नाव आणि संगणकाची जुळणी

आता आपण या घटकाच्या मुख्य भागाकडे वळू. दोन नोंदी एकाच व्यक्तीच्या आहेत का, हे ठरवताना संगणक दोन नावांची अक्षरांगणिक तुलना करतो. माणूस ‘सुनंदा’ आणि ‘सुनंदाबाई’ ही एकाच स्त्रीची नावे मानू शकतो, कारण ‘बाई’ हा आदरार्थी प्रत्यय आहे हे त्याला ठाऊक असते. काटेकोर जुळणी करणाऱ्या प्रणालीला ते ठाऊक नसते. मराठी नावांच्या बाबतीत असा फरक पुढील कारणांनी पडतो.

१. लिप्यंतर : मराठी नाव रोमन लिपीत लिहिण्याची एकच सर्वमान्य पद्धत व्यवहारात नाही. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव कोणी ‘डी-एन-वाय’ने सुरू करतो, कोणी ‘जी-वाय’ने. ‘व’साठी ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ ही दोन्ही अक्षरे चालतात. ‘दीपाली’तील दीर्घ ईकार एक ‘आय’ लिहून दाखवावा की दोन ‘ई’ लिहून, हे लिहिणाऱ्याच्या मर्जीवर असते.

२. उलट लिप्यंतर : रोमन लिपीतून नाव पुन्हा देवनागरीत येताना आणखी गोंधळ होतो. ‘के-ए-एल-ई’ या चार अक्षरांतून काळे, काले, कळे आणि कले अशी चार नावे निघू शकतात. रोमन लिपीत ‘ळ’ आणि ‘ल’ यांचा, तसेच ‘ण’ आणि ‘न’ यांचा भेद सामान्यतः दाखवला जात नाही. देवनागरीतील जो भेद एकदा रोमनमध्ये हरवला, तो परतीच्या प्रवासात यंत्राला सापडत नाही.

३. नावाची रचना : मराठी पद्धतीत स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव असे तीन घटक असतात. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी येते, अन्यत्र शेवटी. कोठे मधले नाव पूर्ण असते, कोठे केवळ आद्याक्षर.

४. आदरार्थी प्रत्यय : बाई, राव, ताई, भाऊ हे प्रत्यय बोलण्यात नावाला चिकटतात आणि नोंद घेणारा ते तसेच लिहून घेतो.

५. विवाहोत्तर नाव : लग्नानंतर आडनाव बदलते, मधले नाव बदलते, आणि काही कुटुंबांत स्त्रीचे स्वतःचे नावही बदलले जाते. कारखान्यात लग्नापूर्वी लागलेल्या मुलीचे नाव एका नोंदीत माहेरचे आणि दुसऱ्या नोंदीत सासरचे असते. पाचही कारणांचा विचार करता नोंदीतील विसंगतीचा सर्वाधिक भार स्त्रियांवर पडतो, असे दिसते.

नावाच्या जोडीला जन्मतारखेचाही प्रश्न आहे. जुन्या पिढीतील अनेकांच्या जन्माची नोंद झालेली नव्हती. शाळेत घालताना गुरुजींनी जूनची पहिली तारीख लिहून टाकली. महाराष्ट्रात १ जून या दिवशी इतक्या माणसांचा वाढदिवस का येतो, याचे कारण हे आहे. त्या काळी ती तारीख निरुपद्रवी होती. आज निवृत्तिवेतन अठ्ठावन्नाव्या वर्षी सुरू व्हायचे असते, तेव्हा दाखल्यावरचे साल आणि आधारवरचे साल यांतील फरक कामगाराच्या मिळकतीचा प्रश्न बनतो. जानेवारी २०२४ मध्ये भविष्य निर्वाह निधी संघटनेने जन्मतारखेच्या पुराव्यांच्या यादीतून आधार वगळले. आधार हा ओळखीचा पुरावा आहे, जन्मतारखेचा नव्हे, ही भूमिका त्यामागे होती. ओळख आणि तपशील यांतील भेद व्यवस्थेनेही मान्य केल्याचे हे उदाहरण होय.

दुरुस्तीची वाटही हळूहळू सुकर झाली आहे. पूर्वी नावातील बदलासाठी कामगार आणि मालक यांचे संयुक्त निवेदन लागे. बंद पडलेल्या कारखान्याचा मालक शोधायचा कोठे, हा प्रश्न असे. जानेवारी २०२५ पासून, १ ऑक्टोबर २०१७ रोजी किंवा त्यानंतर मिळालेला आणि आधारशी पडताळलेला सार्वत्रिक खाते क्रमांक ज्यांच्याकडे आहे, अशा सदस्यांना नाव, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती इत्यादी तपशील मालकाच्या मान्यतेवाचून स्वतः दुरुस्त करण्याची मुभा मिळाली. आधारमधील नाव मात्र आयुष्यात दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते. म्हणून कोणती नोंद कोणत्या नोंदीशी जुळवायची, हे आधी ठरवून मगच दुरुस्तीला हात घालावा.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न : २
अ) आपले स्वतःचे नाव रोमन लिपीत किती प्रकारे लिहिता येईल, ते पाहा.
आ) ‘ळ’ आणि ‘ण’ असलेली प्रत्येकी तीन आडनावे घेऊन उलट लिप्यंतरात त्यांची कोणती रूपे होऊ शकतात, ते लिहा.

४.२.७ संदेशाची भाषा

क्रमांक आणि नाव यांच्यानंतर तिसरा घटक येतो तो संदेशाचा. अर्ज स्वीकारला की नाकारला, हे कामगाराला भ्रमणध्वनीवर कळते. पुढील दोन वाक्ये या घटकासाठी नमुना म्हणून तयार केली आहेत. त्यांची तुलना करा.

(क) ‘आपल्या अर्जातील जनसांख्यिकीय तपशील प्राधिकृत अभिलेखाशी विसंगत आढळल्याने दावा अस्वीकृत करण्यात येत आहे.’

(ख) ‘आपल्या निधीच्या नोंदीतील नाव आणि आधारवरील नाव यांत फरक आहे. म्हणून आपले पैसे अजून देता आलेले नाहीत. आपला हक्क कायम आहे. नाव दुरुस्त करून पुन्हा अर्ज करा.’

पहिल्या वाक्यात व्याकरणाची चूक नाही. परंतु कोणता तपशील, कोणता अभिलेख, आता काय करायचे, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्यात नाही. कर्ताही नाही, ‘करण्यात येत आहे’ या कर्मणी रचनेत निर्णय घेणारा अदृश्य होतो. ‘अस्वीकृत’ हा शब्द ऐकून आपला हक्कच गेला, अशी वाचणाऱ्याची समजूत होते. दुसऱ्या संदेशात वाक्ये चार आहेत, तरी प्रत्येक वाक्य एकेक गोष्ट सांगते : काय घडले, परिणाम काय, हक्काचे काय आणि पुढची पायरी कोणती. सुबोधता म्हणजे माहिती गाळणे नव्हे, हे येथे लक्षात घ्यावे.

या दृष्टीने ई-श्रमचा अनुभव आशादायक आहे. आरंभीच्या काळात ते इंग्रजी, हिंदी, कन्नड आणि मराठी या भाषांत उपलब्ध होते. जानेवारी २०२५ मध्ये ‘भाषिणी’ या शासकीय भाषांतर-प्रणालीच्या साहाय्याने ते संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील बावीस भाषांत खुले झाले. तथापि यंत्राने केलेले भाषांतर वाचनीय झाले आहे की नाही, हे त्या भाषेच्या जाणकारानेच तपासावे लागते. मराठीच्या पदवीधरांना येथे कामाचे एक नवे क्षेत्र उपलब्ध होऊ शकते.

४.२.८ क्रमांक आणि खासगीपण

एका क्रमांकाशी अनेक नोंदी जोडल्या, की सेवा सुलभ होते. त्याच वेळी त्या व्यक्तीचे सारे व्यवहार एका ठिकाणी दिसू लागतात. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणाचा अधिकार हा मूलभूत अधिकार असल्याचे घोषित केले. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात न्यायालयाने शासकीय कल्याणलाभांसाठी आधारचा वापर वैध ठरवला, मात्र खासगी कंपन्यांना कराराच्या बळावर आधार मागण्याची वाट देणारी तरतूद रद्द केली. श्रमिकाच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की मुकादम, ठेकेदार किंवा दुकानदार आधारची प्रत मागतो, तेव्हा ‘कशासाठी?’ असे विचारण्याचा त्याला अधिकार आहे. प्रत द्यावीच लागली, तर शेवटचे चारच अंक दिसणारे झाकलेले आधार देता येते. तसेच मूळ क्रमांकाऐवजी सोळा अंकी आभासी क्रमांक वापरण्याची सोय २०१८ पासून उपलब्ध आहे.

४.३ सारांश

कामगाराला क्रमांक देण्याची परंपरा जुनी आहे. आस्थापनेच्या क्रमांकाकडून कामगाराच्या स्वतःच्या क्रमांकाकडे झालेला प्रवास हे तिचे आधुनिक वळण आहे. सार्वत्रिक खाते क्रमांक आणि ई-श्रम ही त्याची दोन ठळक उदाहरणे होत. क्रमांक ओळख देतो. पडताळणी आणि पात्रता या त्याहून वेगळ्या गोष्टी आहेत. मराठी नावांचे लिप्यंतर, रचना, प्रत्यय आणि विवाहोत्तर बदल यांमुळे नोंदी जुळत नाहीत आणि त्याची झळ कामगाराला, त्यातही स्त्रियांना, अधिक बसते. संज्ञांची एकार्थकता, संदेशांची सुबोधता आणि लिप्यंतराची निश्चित पद्धत यांनी ही झळ कमी करता येईल. हे काम संगणकतज्ज्ञांइतकेच भाषेच्या अभ्यासकांचेही आहे.

४.४ पारिभाषिक शब्द

आस्थापना : कामगार जेथे नोकरी करतात तो कारखाना, दुकान किंवा संस्था.
लिप्यंतर : एका लिपीतील मजकूर उच्चार राखून दुसऱ्या लिपीत लिहिणे.
पडताळणी : व्यक्ती किंवा तपशील नोंदीशी ताडून पाहणे.
उचल : कामापूर्वी घेतलेली आगाऊ रक्कम.
एकार्थकता : एका संज्ञेने एकाच संकल्पनेचा बोध होणे.

४.५ स्वयं-अध्ययनासाठीच्या प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : १. बारा २. कोयता ३. निरर्थ
प्रश्न २ : उत्तरे व्यक्तीगणिक भिन्न असतील. आपली उत्तरे संपर्कसत्रात सहाध्यायांच्या उत्तरांशी ताडून पाहा.

४.६ सरावासाठी स्वाध्याय

१. ओळख, पडताळणी आणि पात्रता यांतील फरक श्रमसेवांच्या उदाहरणांनी स्पष्ट करा.
२. ‘नोंदीतील विसंगती हा तांत्रिक प्रश्न नसून भाषिक प्रश्न आहे.’ या विधानाची चर्चा करा.
३. टीप लिहा : सार्थ आणि निरर्थ क्रमांक.

४.७ क्षेत्रीय कार्य

आपल्या घरातील किंवा शेजारच्या एका श्रमिक व्यक्तीच्या संमतीने तिच्या आधार, बँक पासबुक, शाळेचा दाखला आणि कामगार नोंदणी या कागदपत्रांवरील नाव व जन्मतारीख यांचा तक्ता करा. क्रमांक उतरवून घेऊ नका. आढळलेल्या फरकांचे ४.२.६ मधील पाच कारणांनुसार वर्गीकरण करा. दुरुस्तीची गरज असल्यास तो अर्ज सोप्या मराठीत लिहिण्यास त्या व्यक्तीला साहाय्य करा आणि अर्जाचा मसुदा, नावे वगळून, स्वाध्यायासोबत जोडा.